त्याच्या मापाची सीट

१

“मग चालवणार कोण?” मी तिसऱ्यांदा विचारलं.

“आई, पाना दे.”

“आधी उत्तर. तू मागं बसणार. पुढं कोण बसणार?”

“तुला माहीत आहे.”

“मला काही माहीत नाही. मला सीट माहीत आहे, ती मी शिवली. तिच्यावर बसणारा अजून मला कोणी दाखवलेला नाही.”

“शिवताना बरं विचारलं नाहीस!”

इथं त्यानं मला पकडलं. सीट तयार होती, कामाच्या टेबलावर पडली होती, आणि ती माझ्याच हातची होती. पाना मी मुठीत धरला होता, जणू पाना दिला नाही की सगळं थांबणार होतं.

दुपारचे तीन वाजले होते. शटर पूर्ण वर होतं, ऊन टेबलाच्या पायापर्यंत आलं होतं. मुलगा गाडीजवळ उकिडवा बसला होता. चाळीस वर्षांचा माणूस, त्यातली सतरा वर्षं फौजेत, आणि परत येऊन सोळा महिने झालेले. आतल्या दारात सून उभी होती, हातात तपासायच्या वह्यांचा गठ्ठा. ती शाळेत गणित शिकवते. आमच्या भांडणात तिनं कधी तोंड घातलेलं नाही. त्या दिवशीही घातलं नाही, पण आत जायला तयार नव्हती.

“विचारलं नाही, कारण मला वाटलं तू शहाणा होशील,” मी म्हणाले.

“झालो ना. आता पाना दे.”

२

मी सीटा शिवते. मोटरसायकलींच्या जास्त, बसच्या कधीकधी, एकदा दाताच्या डॉक्टरची खुर्चीही केली. एकतीस वर्षं झाली. मला हे कोणी शिकवलेलं नाही. भंगारातून बसची एक सीट आणली, उसवली, परत शिवली. सात वेळा बिघडली, आठव्यांदा जमली. त्यामुळे कोणी मला शिकवायला आलं की माझं डोकं फिरतं, आणि मी ते लपवत नाही.

माणूस एका सीटवर वर्षभर बसला की फोमला त्याची सवय लागते. रेक्झिन काढलं की आत त्या माणसाचं सगळं दिसतं. कोण एका कुल्ल्यावर भार देतो, कोण पुढं सरकून टाकीला चिकटतो, कोणाची बायको मागं अंग चोरून बसते. एका गिऱ्हाइकाला मी न बघता सांगितलं होतं, डावा गुडघा दाखवून घ्या. तो म्हणाला, “मावशी, दुखतोय हे तुम्हाला कोणी सांगितलं?” मी म्हटलं, तुमच्या बुडानं.

मुलगा आला तेव्हा त्यानं जुनी मोटरसायकल घेतली आणि मी तिच्या दोन्ही गाद्या नव्यानं केल्या. त्या गाडीला पुढची गादी वेगळी आणि मागची वेगळी, मध्ये चार बोटांची लोखंडी पट्टी. चार महिन्यांनी एक शिवण उसवली म्हणून मी दोन्ही काढल्या.

पुढची जशी असायला हवी तशी होती. माझा मुलगा ताठ बसतो, मधोमध.

मागची दोन बोटं बसलेली होती.

मागं कोणी बसतच नव्हतं. सूनबाई शाळेत चालत जाते, तिला मोटरसायकलचं वावडं आहे. मी तर वीस वर्षांत कोणाच्या मागं बसलेली नाही. मी गादी उन्हात नेऊन पाहिली. खळगा पुरुषाचा होता, मध्यम बांध्याच्या. उजवीकडे जास्त खोल. उजव्या खांद्यावर जड काही लटकवलेला माणूस असा बसतो.

मी फोम फेकून दिला. वाईट माल आला असेल, असं स्वतःला सांगितलं.

३

माझं डोकं ठिकाणावर आहे. म्हणून मी जे केलं ते क्रमानं सांगते.

नवा फोम आणला, दुसऱ्या दुकानातून. लांब दाभण आरपार खुपसून जाडी मोजली, दाभणावर धाग्याची गाठ मारली. मुलाला विचारलं, गाडी कोणाला देतोस का? नाही म्हणाला. मागं काही पोती-बिती बांधतोस का? नाही. कोणी बाई आहे का? हे मी सुनेसमोरच विचारलं, कारण आडून विचारणं मला जमत नाही. सून हसली. मुलगा हसला नाही. “बाई नाही,” एवढंच म्हणाला.

आठ दिवसांनी दाभण खुपसलं. पुढची गादी अर्ध्या बोटानं कमी. मागची दोन बोटांनी. उजवीकडे अडीच.

त्याच आठवड्यात बसचा ड्रायव्हर सीटची उशी टाकायला आला. त्याची बस खाणीच्या बाजूनं जाते. खाण बंद होऊन बरीच वर्षं झाली. तिच्याकडे जाणारा जुना रस्ता सरळसोट आहे, दीड किलोमीटर, आणि शेवटी नुसता संपतो. एक साखळी आहे, ती तुटलेली. त्यापुढं खाली सत्तर फूट.

“मावशी, तुमच्या मुलाला आवरा,” तो म्हणाला. “रविवारी सकाळी बघतो मी. कडेपर्यंत सुसाट जातो आणि तिथं ब्रेक दाबतो. माझ्या गाडीतल्या बायका किंचाळतात.”

“सांगते.”

“आणि मागं बसतो त्यालाही सांगा. तो तर याच्याहून येडा! डोक्यावर हेल्मेट नाही, काही नाही. ऊन पडलं की टक्कल चकाकतं त्याचं.”

मी उशीची शिवण तपासत राहिले. “कोणतं टक्कल?”

“आता टकलाला काय नाव असतं का मावशी?”

तो हसत गेला. मी उशी खाली ठेवली आणि विचार केला, की बसच्या काचेतून, एवढ्या लांबून, धुळीत, माणसाला काहीही दिसतं. हा विचार मी संध्याकाळपर्यंत केला.

४

मुलाबद्दल थोडं सांगायला हवं.

रेक्झिन सीटच्या तळाला ठोकायला माझ्याकडे पिना मारायचं यंत्र होतं. तो आला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी ते चालवलं. ठाक, ठाक, ठाक. मान वर केली तर मुलगा टेबलाखाली, गुडघे पोटाशी, आणि सून चहाचा कप घेऊन त्याला घरभर शोधते आहे. मी यंत्र कपाटात टाकलं आणि हातशिलाईवर परत आले. यावर आमच्यात एक शब्द झाला नाही.

त्याच माणसाला उंच इमारतींच्या काचा पुसायचं काम मिळालं. तिसऱ्या आठवड्यात काढून टाकलं. मुकादम स्वतः घरी आला. चांगला माणूस होता, सांगायला लाजत होता.

“बाई, तो कमरेचा पट्टा लावत नाही.”

“ओरडा की मग.”

“ओरडलो. आता तर तो तिथं झोपतो. सोळाव्या मजल्याच्या बाहेर, कठड्यावर. डबा खाऊन झाला की अर्धा तास डुलकी काढतो.”

घरी त्याला झोप लागत नव्हती. सून सांगायची, गादीवर नुसता छताकडे बघत पडलेला असतो. हातभर रुंदीच्या कठड्यावर मात्र घोरत होता.

डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर समजूतदार होते. म्हणाले, लढाईवरून परतलेले काही जण असं करतात. तिथं शरीराला धोक्याची इतकी सवय होते की इथली शांतता त्यांना खोटी वाटते. जीव धोक्यात घातला की तेवढा वेळ बरं वाटतं. गोळ्या दिल्या, दर आठवड्याला बोलायला बोलावलं. तो जायचा, बोलायचाही.

मला डॉक्टरांचं पटलं. अजूनही पटतं. फक्त फोमचं त्यांना विचारायचं राहून गेलं.

५

एका रविवारी सून म्हणाली, आज मी मागं बसणार. मी असले की हळू चालवेल. मला ते बरं वाटलं, आणि मनात हेही आलं की आज तरी मागच्या गादीवर कोण बसलं ते मला ठाऊक असेल.

तासाभरानं दोघं परत आले. मुलगा सरळ न्हाणीत गेला. सून वर्कशॉपमध्ये आली आणि उभी राहिली. तिनं ओढणी हाताला गुंडाळली होती, सोडवत होती, परत गुंडाळत होती.

“आई, मागच्या गादीवर मी बसले की माझ्या मागं किती जागा उरते?”

“बोटभर. मग लोखंडी कडी.”

“नक्की?”

“मी शिवलीय ती.”

तिनं मान हलवली. ती शाळेतल्या मुलांना समजावते तसं, पायरी पायरीनं बोलायला लागली.

“गावातून गेलो तेव्हा काही नाही. खाणीचा रस्ता लागला, त्यानं वेग वाढवला. मी काट्याकडे बघत होते. ऐंशीच्या पुढं काटा गेला आणि माझ्या दोन्ही बाजूंनी हात पुढं आले.”

“कोणाचे?”

“मला नाही धरलं. माझ्यावरून पुढं जाऊन त्याची कंबर धरली. मी मध्ये होते, आई. मला पुढं दाबलं. माझ्या पाठीला टेकून कोणीतरी होतं, आणि उजव्या बाजूला काहीतरी कडक टोचत होतं, पेटीच्या कोपऱ्यासारखं.”

“तू डोळे मिटले असशील.”

“मिटले होते.”

“मग हात दिसले कसे?”

“दिसले म्हटलंच नाही मी. कडेला ब्रेक लागला. वेग उतरला आणि हात सुटले. सगळ्यात मागं मी बसले होते ना? मग माझ्या मागं कोण?”

मी म्हटलं, भीतीनं असं होतं. ती म्हणाली, हो, होत असेल. मग वह्या घेऊन तपासायला बसली. दुसऱ्या दिवशी शाळेतून आली तेव्हा कळलं, एका मुलीची बरोबर आलेली सगळी गणितं हिनं चूक दिली होती.

६

मी मुलाला सरळ विचारलं. तो साखळीला तेल देत होता.

“उजव्या खांद्यावर ओझं घेऊन बसणारा, टक्कल असलेला, कोण आहे?”

त्याचा हात थांबला. “तुला कोणी सांगितलं?”

“ओझ्याचं फोमनं. टकलाचं बसच्या ड्रायव्हरनं.”

तो हसला. सोळा महिन्यांत पहिल्यांदा, अगदी मोकळं. “आजोबा,” म्हणाला.

आजोबा सव्वीस वर्षांचा होता. विशीतच केस गेले म्हणून सगळी पलटण त्याला आजोबा म्हणायची. दोघं मोटरसायकलवरून एका चौकीवरून दुसऱ्या चौकीवर निरोप आणि सामान न्यायचे. आजोबाच्या उजव्या खांद्याला वायरलेसची पेटी. एक दिवस हा चालवणार, एक दिवस तो, असं ठरलेलं. पाळी कधी चुकली नाही.

“त्या दिवशी त्याची पाळी होती,” मुलगा म्हणाला. “मला थंडी वाजत होती. पुढं बसलं की पायांना इंजिनाची ऊब लागते. मी म्हटलं, आज मी चालवतो, तू उद्या चालव. तो म्हणाला, बरं. पेटी खांद्याला लावून मागं बसला.”

तेलाचा थेंब साखळीवरून खाली पडला. त्यानं तो बोटानं पुसला.

“मागून गोळी आली. गाडी जरा हलली. मला वाटलं खड्डा. त्यानं मला घट्ट धरलं होतं, म्हणून मी जोरात चालवत राहिलो. नऊ किलोमीटर. सगळा वेळ त्याच्याशी बोलत होतो.”

“काय बोलत होतास?”

“टकलावरून चिडवत होतो. चौकीवर पोचलो तर चौघांनी मिळून त्याचे हात सोडवले माझ्या कमरेचे.”

मी त्याच्या पुढ्यात फडकं सरकवलं. मला अशा वेळी बोलता येत नाही.

“वेगात गेलो की तो धरतो, आई. हळू झालं की हात सुटतात. सुटले की मला कळतं.”

“काय कळतं?”

“की तो मेलाय.”

मग त्यानं तेलाची बाटली बंद केली, फडक्याला हात पुसले, आणि गिऱ्हाइकानं सांगावं तसं सांगितलं, “पुढची गादी त्याच्या मापाची कर. मागची मला कशीही चालेल. पाळी त्याची राहिलीय.”

७

मी नाही म्हणायला हवं होतं. मी हो म्हटलं.

माझा हिशोब साधा होता. गादी करून देते. हा मागं बसेल, पुढं कोणी नसेल, गाडी काही जागची हलणार नाही. पाच मिनिटं बसेल, दहा मिनिटं बसेल, मग स्वतःचीच लाज वाटून उतरेल. डॉक्टरांच्या गोळ्यांनी झालं नाही ते माझी एक गादी करेल, असं मला वाटलं. स्वतःच्या जिवावर शिकलेल्या माणसाला ही खोड असते, आपल्या हातानं सगळंच दुरुस्त होतं असं त्याला वाटतं.

माप मी पट्टीनं घेत नाही. मागच्या गादीचं रेक्झिन काढलं आणि खळग्यात तळवा ठेवला. फोम कोमट होता. गाडी सकाळपासून सावलीत होती. मी तळवा काढला, थोडं थांबले, पुन्हा ठेवला. दुसऱ्यांदा कोमट लागला तो माझ्याच हातानं, हे उघड आहे. पहिल्यांदाचं मी सोडून दिलं.

दोन दिवस काम चाललं. उजवीकडे कडक फोमचा एक थर जास्त दिला, म्हणजे भार पडला तरी तोल जाणार नाही. मांड्यांच्या बाजूला थोडी धार कमी केली, कारण तो माणूस बुटका होता. मला कोणी हे सांगितलं नव्हतं. काळं रेक्झिन, दुहेरी शिवण. काम उत्तम झालं. इतकं नेमकं माप मी आजवर कोणत्या गिऱ्हाइकाचं घेतलेलं नाही, आणि ते टेबलावर ठेवून बघताना मला अभिमान वाटला. हे मी कबूल करते, कारण मला ते नंतर बोचलं.

गादी बघायला मुलगा आला. तिच्यावर हात फिरवला आणि म्हणाला, “त्याला आवडेल.”

मी म्हटलं, “त्याला म्हणावं, वापरून सांग.”

थट्टेत म्हटलं होतं.

८

तर तो पाना. मी दिला नाही. मुलानं खणातून दुसरा काढला. तेवढं माझ्या लक्षात यायला हवं होतं, वर्कशॉपमध्ये काय एकच पाना असतो! त्यानं गादी बसवली, दोन बोल्ट आवळले, गाडी स्टँडवरून खाली घेतली, तोंड शटरकडे केलं. किल्ली फिरवली, बटण दाबलं. इंजिन सुरू झालं. मग तो मागच्या गादीवर बसला, उजवा पाय पायदानावर, डावा जमिनीवर. दोन्ही हात पुढं केले आणि हवेत, कमरेच्या उंचीवर, बोटांत बोटं अडकवली. त्या कड्यात काही नव्हतं.

“झालं?” मी म्हणाले. “आता बस असाच. पेट्रोल संपेपर्यंत बस.”

“थांब. तो बसतोय.”

“कोणी बसत नाहीये. उतर.”

“आई, त्याची पाळी आहे.”

“पाळी गेली खड्ड्यात! कुठं जाणार आहात?”

“खाणीच्या रस्त्यानं.”

“आणि परत?”

त्यानं बोटं आणखी घट्ट अडकवली. त्याच वेळी मी गादीकडे पाहिलं.

नव्या रेक्झिनवर माणूस बसला की पहिली सुरकुती शिवणीपाशी पडते. ती पडली. उजवीकडे. मग फोममधून हवा निघते तसा बारीक आवाज आला, आणि गादी दबत गेली, सावकाश, जसा एखादा सभ्य माणूस नव्या सीटवर आधी अर्धा आणि मग पूर्ण बसतो. इंजिनाच्या थरथरीनं असं होतं का? होत नाही. मागच्या गादीचा भार पुढं येतो का? मध्ये लोखंडी पट्टी आहे. मी एकेक कारण काढत होते आणि गादी एकेक दोरा खाली जात होती. जिथं मी कडक थर दिला होता तिथं ती थांबली. तोल बरोबर बसला.

मुलानं डावा पाय जमिनीवरून उचलला आणि पायदानावर ठेवला.

गाडी पडली नाही. स्टँड वर होता. दोन चाकांवर, जागच्या जागी, सरळ उभी राहिली, खाली कोणाचा तरी पाय टेकलेला असावा तशी. सुनेच्या हातातल्या वह्या खाली सांडल्या. तिनं त्या उचलल्या नाहीत.

“बघ,” मुलगा म्हणाला. त्याचा चेहरा इतका निवांत मी त्याच्या लहानपणानंतर पाहिला नव्हता.

मग क्लचचा दांडा हँडलकडे ओढला गेला. मी मुलाचे हात मोजले. एक, दोन. दोन्ही त्या रिकाम्या कड्यात होते. पुन्हा मोजले. खाली खट् असा आवाज झाला, गिअर पडल्याचा.

“उतर,” मी म्हणाले. माझा आवाज मला ओळखू आला नाही.

“घाबरू नकोस गं. या वेळी हात सुटणार नाहीत. या वेळी माझे आहेत ना.”

“आणि ते सोडवायला कोणाला बोलावू? हिला?”

त्यानं सुनेकडे पाहिलं. सून रडत नव्हती. ती नुसती त्याच्या बोटांकडे बघत होती, जशी अवघड गणिताकडे बघते.

“काही होणार नाही,” तो म्हणाला. “तुम्हाला उगाच वाटतं. आजोबा माझ्यापेक्षा चांगला चालवतो. अख्ख्या पलटणीत त्याच्यासारखा चालवणारा नव्हता. एकदा कोणाला पाडलं नाही त्यानं. त्याच्या मागं बसायला लहान मूलसुद्धा घाबरणार नाही.”

इंजिनाचा आवाज चढला. पुढचं चाक वीतभर पुढं सरकलं, उन्हात आलं.

तेव्हा मी टेबलामागून निघाले, गाडीजवळ गेले, मागच्या कडीला हात घातला आणि एक वाक्य बोलले. पुढं काय झालं ते आधीच सांगून टाकते, कारण त्या वाक्यानंतर भांडण उरलं नाही आणि मलाही सांगायला काही उरणार नाही.

मुलगा माझ्याकडे बघत राहिला. मग समोर, रिकाम्या गादीच्या वर, जिथं माणसाची मान असते तिथं त्यानं पाहिलं. आणि त्याच्या चेहऱ्यावर मला भीती दिसली. सोळाव्या मजल्यावर जी नव्हती, खाणीच्या कडेला जी नव्हती, ती. त्याची बोटं सुटली. एक पाय खाली आला, मग दुसरा. तो उतरला आणि माझ्या आणि गाडीच्या मध्ये येऊन उभा राहिला, दोन्ही हात पसरून, लहान मुलाला रस्त्यावर जाऊ देत नाहीत तसा. सुनेनं बाजूनं हात लांब करून, गादीला अंग न लावता, किल्ली फिरवली. गाडी कोणी धरलेली नव्हती. तरी ती पडली नाही, उभीच राहिली; स्टँडवर मी नंतर घेतली.

मुलगा वर्कशॉपच्या फरशीवर, फोमच्या तुकड्यांवर आडवा झाला आणि दुसऱ्या दिवशीच्या दुपारपर्यंत झोपला. अजून डॉक्टरांकडे जातो. चालत जातो.

गाडी इथंच आहे, भिंतीला लावून. किल्ली माझ्या गळ्यात. पुढची गादी अजून वर आलेली नाही. मी बोलले ते खरंच बोलले होते, आणि ते माझ्या मुलाला कळलं तसं त्या दुसऱ्यालाही कळलं असणार, हे मला ठाऊक आहे. दुपारी तीनच्या सुमाराला फोममधून हवा निघाल्याचा आवाज येतो. मी हातातलं काम खाली ठेवत नाही.

वाक्य एवढंच होतं:

“एवढा चांगला चालवत असेल, तर तू उतर, त्याच्या मागं मी बसते.”